लांडगा, बिबट्या आणि तळोद्याचा शेतकरी

मल्हारराव होळकरांच्या बालपणाची एक कथा खानदेशात घरोघरी ठाऊक आहे. १६९३ मध्ये नीरेकाठच्या होळ गावी जन्मलेला हा मुलगा तीन वर्षांचा असताना पित्याला मुकला. आई त्याला घेऊन तळोद्याला आपल्या भावाकडे, भोजराज बारगळ यांच्याकडे, आली. बारगळांच्या पदरी घोडेस्वार होते, त्याचप्रमाणे धनगराचे मूळ धन असलेल्या मेंढ्याही होत्या. त्या राखण्याचे काम पोराकडे आले. एके दिवशी भर उन्हात तो रानात झोपी गेला असता एका नागाने त्याच्या मुखावर फणा धरून सावली केली आणि ते पाहून मामाने ओळखले, की हे मूल सामान्य नव्हे. पुढे हाच मल्हारी इंदूरच्या होळकर घराण्याचा संस्थापक झाला.

कथेत नाग आहे, राजयोग आहे. एक प्राणी मात्र तीत नाही. मेंढ्यांच्या मागे पोर कशासाठी ठेवतात? गवत त्यांचे त्यांना सापडते, पाणीही त्या हुंगून काढतात. पोर ठेवतात ते लांडग्यासाठी. कळपाच्या कडेला काठी घेऊन उभे असलेले माणसाचे एक पिल्लू हा लांडगा आणि मेंढी यांच्यामधला सर्वांत जुना व सर्वांत स्वस्त बांध होय. राजे होणाऱ्या पोराला नागाने सावली दिली, हे इतिहासाने लिहून ठेवले. राजे न झालेल्या किती पोरांनी तळोद्याच्या माळावर लांडग्यामागे धाव घेतली, त्याची नोंद कोणी ठेवली नाही.

या लेखाचा विषय ती पोरेच आहेत. रानटी जनावर वस्तीकडे येते तेव्हा शेतकरी काय करतो, आणि त्या येण्याची किंमत अखेर कोणाच्या पदरातून जाते, एवढाच प्रश्न मी येथे मांडणार आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी काही वर्षे धर्मसेवा करण्याचा योग मला आला, म्हणून उदाहरण तळोद्याचे घेतो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आज तळोद्यात भीती आहे ती बिबट्याची, लांडग्याची नव्हे. लांडगा हा उघड्या माळाचा प्राणी. आज तो महाराष्ट्रात मुख्यतः सोलापूर, अहिल्यानगर, पुणे अशा कोरड्या पट्ट्यांतील गवताळ रानांवर तग धरून आहे. पुण्यास सेमिनरीत असताना, १९९० च्या दशकात, आम्ही काही विद्यार्थी सुप्याच्या बाजूला गेलो होतो. तेथे एका म्हाताऱ्या धनगराने आम्हाला त्याचा वाडा दाखवला. रात्री मेंढ्या जाळीच्या वाघुरीत कोंडलेल्या, भोवती कुत्री, आणि बाई-माणसे उघड्यावर निजलेली. लांडगा येतो का, असे विचारल्यावर तो येतो म्हणाला. आणि नेली मेंढी तर नेली, त्याचाही वाटा असतो, अशा अर्थाचे काहीसे बोलला. त्या वेळी मला ती अंधश्रद्धा वाटली. पुढे वाचनात आले, की लांडग्याला कळपात वाटा असल्याची ही समजूत धनगरांमध्ये जुनी आहे. सातपुड्यात आणि शेजारच्या डांगात वाघदेवाची पूजा होते, तिच्यामागेही हाच भाव आहे. शिवेवर लाकडाची किंवा दगडाची मूर्ती उभी करायची, वर्षातून एकदा तिला मान द्यायचा, आणि मग उरलेल्या वर्षात गुरेढोरे राखावीत अशी देवाकडे अपेक्षा ठेवायची. याला भाबडेपणा म्हणता येईल. करारही म्हणता येईल. करार म्हणून तो शेकडो वर्षे चालला, हे मात्र नाकारता येत नाही.

तो मोडला केव्हा?

इंग्रजांनी १८१८ मध्ये खानदेश ताब्यात घेतला तेव्हा हा प्रांत उजाड झालेला होता. होळकर-शिंद्यांच्या आपसांतील लढाया, पेंढाऱ्यांच्या धाडी आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांनी गावेच्या गावे ओस पाडली होती. नांगर थांबला की रान पुढे सरकते. चांगल्या काळ्या जमिनीवर बाभूळ आणि गवत माजले आणि त्यात वाघ, बिबटे, लांडगे वाढले. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये एक आकडा दिला आहे, तो वाचून मी थबकलो होतो : १८२२ च्या मे, जून व जुलै या तीन महिन्यांत हिंस्र पशूंनी ५०० माणसे आणि २०,००० गुरे मारली. आकडा गोळाबेरीज आहे, हे उघड आहे. तरी तो निम्मा धरला तरी त्या पावसाळ्याचे चित्र अंगावर काटा आणते.

यावर नव्या सरकारचा उपाय बंदूक हा होता. १८२५ मध्ये जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्याने भिल्लांची पलटण उभारली. तिचे ठाणे धरणगावला होते. बंडखोर मानल्या गेलेल्या भिल्लांना शिस्त लावणे हा पहिला हेतू, आणि जनावरे मारणे हा त्याला जोडून आलेला. पुढच्या दहाएक वर्षांत औट्रम जातीने हजर असताना १९१ वाघ मारले गेले, असे त्याच्या चरित्रात नोंदलेले आहे. ज्या भिल्लाच्या शिवेवर वाघदेव उभा होता, त्याच्याच हाती वाघ मारण्याची बंदूक दिली गेली. पुढे इनामे जाहीर झाली; कातडे किंवा मुंडके कचेरीत आणून दाखवावे आणि पैसे घेऊन जावे. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी नोंदींवरून केलेला हिशेब असा, की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ८०,००० हून अधिक वाघ, दीड लाखांहून अधिक बिबटे आणि सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले. लांडग्यांचा आकडा सर्वांत मोठा आहे, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. वाघाच्या शिकारीचे फोटो निघाले, लांडग्याचे कोणी काढले नाहीत.

शेतकऱ्याला त्या काळी याचे दुःख झाले असे मला वाटत नाही. त्याला हायसेच वाटले असणार. आज शहरात बसून आपण त्या शिकाऱ्यांवर टीका करतो. ज्याचा बैल गेला तो करत नव्हता.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे सर्व उलटे फिरवले. जे मारल्याबद्दल इनाम मिळत असे, ते मारल्याबद्दल तुरुंग आला. कायदा आवश्यक होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. तो नसता तर आज लिहायला लांडगाही उरला नसता आणि बिबट्याही नाही. परंतु कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जंगल होते, अभयारण्य होते. शेत नव्हते.

आणि नेमक्या त्याच सुमारास तळोद्याचे शेत बदलू लागले होते. तापीच्या खोऱ्यात पाणी खेळू लागले. विहिरी, नळकूप, उपसा सिंचन आले. शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरला सातपुडा साखर कारखाना उभा राहिला. ज्वारी-कापसाच्या मुलखात ऊस, केळी आणि पपई दिसू लागली. दुसरीकडे डोंगराच्या पायथ्याचे रान मागे हटले. त्याची एक करुण कथा आहे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली नर्मदाकाठची गावे जाणार म्हणून तेथील आदिवासी कुटुंबांना जमीन देण्यासाठी १९९० च्या दशकात तळोद्याच्या वनक्षेत्रातील सुमारे ४,२०० हेक्टर जमीन मोकळी करण्यात आली. सोमावल, रोझवा, रेवानगर ही वसाहतींची नावे तेव्हापासूनची. डोंगरातून उठवलेला माणूस सपाटीवर आला आणि त्याला जागा करून देण्यासाठी झाड उठले. दोघांनाही कोणी विचारले नव्हते. मी हे त्या विस्थापितांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्यांचे जंगल गेले ते गेलेच, आणि मिळालेल्या जमिनीवर आधीपासून कसणाऱ्या इतर आदिवासींशी तंटेही वाट्याला आले.

म्हणून 'बिबट्या परत आला' हे वर्तमानपत्री वाक्य मला पटत नाही. परत येण्यासाठी आधी जावे लागते. तळोद्याचा बिबट्या रानात होता. रान आखूड झाले आणि त्याच्या शेजारी दुसरे रान आपण स्वतःच पेरले. ऊस म्हणजे बिबट्याच्या दृष्टीने काय? पुरुषभर उंचीची दाट झाडी, खाली गार सावली, पायाशी पाणी, पाचटाचे मऊ अंथरूण. बारा ते अठरा महिने कोणी आत शिरत नाही. रानडुक्कर आहे, गावचे कुत्रे आहे, गोठ्यातले वासरू आहे. मादी तेथेच विते. त्या पिलांनी डोंगर पाहिलेला नसतो. ऊस हेच त्यांचे जन्मगाव.

आता युरोपकडे थोडे पाहू, कारण तिकडे गेल्या तीस-चाळीस वर्षांत लांडग्यावरून जे रामायण घडले, त्याचा आपल्याला उपयोग आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पश्चिम युरोपातून लांडगा बहुतेक संपला होता. इटलीत अपेनाइन पर्वतराजीत १९७० च्या सुमारास शंभरएक उरले होते. १९७१ मध्ये त्याला उपद्रवी प्राण्यांच्या यादीतून वगळले गेले, १९७६ मध्ये पूर्ण संरक्षण मिळाले, आणि त्याच्या रक्षणासाठी जी मोहीम निघाली तिचे नाव 'सान फ्रान्चेस्को', म्हणजे संत फ्रान्सिसच्या नावाने होते. १९९२ मध्ये लांडगा आल्प्स ओलांडून फ्रान्समध्ये आढळला. २००० मध्ये पोलंडकडून जर्मनीत शिरलेल्या जोडीने पिले घातली. २०२०-२१ च्या गणनेत इटलीतच त्यांची संख्या ३,३०० च्या घरात भरली. शहरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेंढपाळांनी मेलेल्या मेंढ्या सरकारी कचेऱ्यांपुढे आणून टाकल्या. २०१४ मध्ये फ्रेंच मेंढपाळ तर आपले कळप घेऊन पॅरिसला आयफेल मनोऱ्याच्या पायथ्याशी गेले. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये बर्न करारात लांडग्याचे संरक्षण एक पायरी खाली आणले गेले आणि २०२५ मध्ये युरोपीय संघाने आपला कायदा त्याप्रमाणे बदलला.

तेथे लांडगा परतला त्याचे मुख्य कारण असे, की माणूस डोंगर सोडून गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण पिढी कारखान्यांत गेली, डोंगरातली शेती पडीक झाली, झाडी वाढली, हरणे वाढली, मागोमाग लांडगा आला. आपल्या खानदेशात १८२२ मध्ये नेमके हेच झाले होते, फक्त कारण लढाई आणि दुष्काळ हे होते. आजच्या तळोद्यात मात्र उलटे आहे. येथे शेतकरी गेला म्हणून जनावर आलेले नाही. शेतकऱ्याला पाणी मिळाले, चार पैसे मिळाले, म्हणून ते आले आहे. ऊस बंद करा, असे काही विद्वान सुचवतात. त्यांनी ते एकदा तळोद्याच्या बाजारात उभे राहून सांगावे.

मग करायचे काय? पिंजरा लावा, बिबट्या धरा आणि दूर नेऊन सोडा, ही मागणी प्रत्येक हल्ल्यानंतर होते आणि ती ऐकायला रास्त वाटते. तळोद्यातही गेल्या काही वर्षांत माणसे मेली तेव्हा लोकांनी हीच मागणी केली. मेवासी वनविभागाने पिंजरे लावले, बिबटे पकडलेही. (या विभागाचे नाव काठी, सिंगपूर, चिखली अशा जुन्या भिल्ल मेहवासी संस्थानांवरून पडले आहे, एके काळी त्या राजांचे असलेले रान आता कचेरीचे आहे.) परंतु या उपायाचा इतिहास फारसा चांगला नाही. जुन्नर भागात २००१ पासून असेच बिबटे पकडून शेजारच्या जंगलांत सोडण्यात आले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशेब मांडला तेव्हा असे दिसले, की पूर्वी त्या भागात वर्षाला सरासरी चार हल्ले होत, ते स्थलांतर सुरू झाल्यावर सरासरी सतरावर गेले. अनोळखी मुलखात सोडलेले, पिंजऱ्यात माणसांच्या गराड्यात राहिलेले, बिथरलेले जनावर पुढच्या गावाला त्रास देते. आणि मोकळ्या झालेल्या उसात दुसरा बिबट्या येऊन राहतो. तिकडचे काही बिबटे याच सातपुड्यात, यावल अभयारण्यात, आणून सोडले गेले आणि त्यानंतर तेथे माणसांवर हल्ले झाले. एका गावाचे संकट उचलून दुसऱ्या गावाच्या वेशीवर ठेवले, एवढाच त्याचा अर्थ. ते दुसरे गाव बहुधा अधिक गरीब असते, त्याला आमदार-खासदारांपर्यंत पोहोचता येत नाही.

याच्या उलट उदाहरणही आहे. अकोले तालुक्यात, दर चौरस किलोमीटरला शेकडो माणसे राहतात अशा शेतीच्या मुलखात, शंभर चौरस किलोमीटरमागे जवळजवळ पाच प्रौढ बिबटे आढळले आणि अभ्यासाच्या काळात त्यांनी एकाही माणसाचा जीव घेतला नाही. २०१३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथील बिबटे मुख्यतः कुत्री आणि पाळीव जनावरे खाऊन जगत होते. म्हणजे वाटा तेथेही जातच होता. तो शेतकऱ्याच्या गोठ्यातून जात होता, आणि शेतकरी कुरकुरत का होईना, सोसत होता.

वसईच्या वाचकांना हे सारे दूरचे वाटू नये. २००९ मध्ये पारनेरकडच्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला, माळशेज घाटात सोडलेला 'आजोबा' नावाचा बिबट्या सव्वाशेएक किलोमीटर चालत, आपल्याच वसई भागातून, खाडी पोहून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे गेला होता. २०२४ मध्ये तर मार्चअखेरीपासून एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत वसई किल्ल्यात बिबट्याचा मुक्काम होता. त्या तीन-चार आठवड्यांत लोकांनी संध्याकाळी घराबाहेर पडणे कसे टाळले, हे मी तेथील नातेवाइकांकडून ऐकले. ते आठवावे आणि मग असे मानावे, की ते आठवडे दर वर्षी, वर्षभर चालू आहेत. तळोद्याच्या शिवारात राहणाऱ्याचे आयुष्य असे आहे.

शिवारात राहणारा म्हणजे कोण, हे येथे सांगणे भाग आहे. जमिनीचा मालक गावात, पक्क्या घरात झोपतो. शेतात राहतो तो सालदार, रखवालदार, किंवा थंडीत आलेली ऊसतोडीची टोळी. बहुतेक जण भिल्ल, पावरा. पाचटाची किंवा कुडाची झोपडी, दाराला फळी, दाराशी शेळी आणि कोंबड्या. शेतीपंपाची वीज रात्री येते त्या पाळीत पाणी भरायला जाणारा हाच, हातात काठी आणि विजेरी. उसात वाकून खुरपणारी त्याची बायको. वाकलेले माणूस बिबट्याला चौपायासारखे दिसते, असे वनखात्याचे लोक सांगतात. मुले बांधावर खेळतात. ज्यांचा बळी जातो त्यांची नावे पाहावीत : वृद्ध स्त्री, लहान मूल, मजूर. दिवसा वीज द्या, ही शेतकऱ्यांची मागणी म्हणूनच मला सर्व मागण्यांत शहाणपणाची वाटते. तिच्यासाठी ना पिंजरा लागतो ना बंदूक.

भरपाई नाही असे नाही. माणूस दगावल्यास २०२३ पासून राज्य शासन २५ लाख रुपये देते. पाळीव जनावरासाठी बाजारभावाच्या पाऊण हिश्शापर्यंत, ठरलेल्या मर्यादेत, रक्कम मिळते. त्यासाठी अठ्ठेचाळीस तासांत कळवावे लागते, जनावर जागेवरून हलवायचे नसते, पंचनामा व्हावा लागतो, मग कागद. आमच्या भागातील एका सालदाराची शेळी अशी गेली. अर्धी खाल्लेली शेळी दुपारपर्यंत दाराशी पडून राहिली, मुले रडू लागली, म्हणून त्याने ती पुरून टाकली. रविवारी तो माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आला. शेळी कोठे आहे, असे मी विचारले. अर्ज लिहिण्यासारखे काही उरले नव्हते. त्याच आठवड्यात पलीकडच्या शेतात वासरू गेले होते. त्या मालकाला ठाऊक होते काय करायचे, त्याचे पैसे आले. मालकाने काही गैर केले नाही. त्याला फक्त नियम माहीत होता.

त्या रात्री मी निर्गम ग्रंथाचा बावीसावा अध्याय काढून पाहिला. राखणीला दिलेले जनावर हिंस्र पशूने फाडले तर राखणदाराने फाडलेला तुकडा पुरावा म्हणून आणून दाखवावा, म्हणजे त्याला भरपाई भरावी लागणार नाही, असा तेथे नियम आहे. हा तीन हजार वर्षांपूर्वीचा पंचनामाच नव्हे काय? आणि त्याच्याही मागे, उत्पत्तीच्या एकतिसाव्या अध्यायात, याकोब आपल्या सासऱ्याला, लाबानाला, वीस वर्षांचा हिशेब ऐकवतो : पशूंनी फाडलेले जनावर मी तुझ्यापुढे कधी आणले नाही, तो तोटा मीच सोसला, दिवसा उन्हाने आणि रात्री थंडीने मी पिचलो, अशी त्याची तक्रार आहे. सेमिनरीत आम्ही हा उतारा याकोबाच्या चातुर्याच्या संदर्भात शिकलो होतो. तो सालदाराचा उतारा आहे, हे मला तळोद्यात कळले.

संत फ्रान्सिस आणि गुब्बियोचा लांडगा ही कथा आपल्या मुलांना तोंडपाठ असते. संत लांडग्याला 'बंधो' म्हणून हाक मारतो, लांडगा पंजा देतो, चित्रे फार सुंदर काढलेली असतात. तिचा दुसरा भाग आपण घाईने सांगून मोकळे होतो. फ्रान्सिसने लांडग्याला उपदेश करून सोडून दिले नाही. तो भुकेपोटी मारतो, हे त्याने मान्य केले आणि नगरवासीयांकडून वचन घेतले, की यापुढे त्याचे खाणे त्यांनी पुरवावे. दोन वर्षे लांडगा दारोदार फिरून जेवला आणि म्हातारपणी मेला तेव्हा गाव हळहळले. म्हणजे खर्च नगराने वाटून घेतला. वेशीबाहेरच्या एका मेंढपाळावर तो टाकला नाही.

असे खाणे पुरवण्याची कल्पना अलीकडे आपल्याकडेही निघाली. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पिंपरखेडला पाठोपाठ माणसे गेली, लोकांनी महामार्ग रोखला. त्यानंतर डिसेंबरात वनमंत्री गणेश नाईक यांनी नागपुरात सांगितले, की मृत्यूनंतर भरपाई देण्यापेक्षा तेवढ्या पैशाच्या शेळ्या जंगलात सोडाव्यात, म्हणजे बिबटे वस्तीत येणार नाहीत. यावर पुष्कळ हसे झाले. मला हसू आले नाही. वाटा कोणी तरी दिला पाहिजे, एवढे तरी त्यात कबूल केलेले आहे. अडचण एवढीच, की उसात जन्मलेला बिबट्या जंगलात सोडलेल्या शेळीकडे जाणार कसा? जुन्नर विभागात माद्यांच्या नसबंदीचा प्रयोगही ठरला आहे. त्याचा परिणाम दिसायला वर्षे लागतील, आणि तोवर ऊस दर हंगामाला उभा राहणार आहे.

पिंपरखेडचे एक छायाचित्र मात्र माझ्या नजरेपुढून जात नाही. शेतात काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांनी गळ्यात अणकुचीदार खिळ्यांचे पट्टे घातले आहेत, बिबट्याने मान धरू नये म्हणून. इटलीत आब्रुत्सोच्या डोंगरात मेंढ्या राखणाऱ्या पांढऱ्या कुत्र्यांच्या गळ्यात शेकडो वर्षांपासून अगदी असेच लोखंडी काट्यांचे पट्टे असतात, लांडग्यासाठी. तेथे तो कुत्र्याच्या गळ्यात आहे.

आमच्या त्या सालदाराने पट्टा घेतलेला नाही. गेल्या दिवाळीनंतर त्याने उसने पैसे काढून दुसरी शेळी घेतली. गोठ्याला जाळी मारायला मालक तयार आहे; पण ऊस निघाल्यावर, असे त्याने सांगितले आहे. तोवर शेळी रात्री झोपडीत, मुलांच्या खाटेच्या पायाला बांधलेली असते.